करडाच्या पायातला पट्टा

नफीऊच्या दंडावरचा पट्टा पिवळाच राहिला. कुपोषित पोरांसाठी पौष्टिक खाऊची पाकिटं घेऊन आलेल्या ड्रोनने डेलूच्या अंगणावर एक घिरटी घातली आणि ते तसंच माघारी फिरलं.

"अरे, चार दिवस जुलाब होतायत पोराला!" रकिया आभाळाकडे बघून ओरडली. नायजरमधल्या या गावातली पोरं ती वीस वर्षं तपासत होती. पूर्वी दंडाला फीत लावून, डोळ्यांत बघून पाकीट कुणाला द्यायचं ते तीच ठरवायची. आता ते पट्टा ठरवत होता. दंड काडीसारखा होऊन पट्टा लाल झाल्याशिवाय ड्रोन खाली उतरत नव्हतं.

नफीऊच्या आईने, डेलूने, खाली मान घालून विचारलं, "मावशी, अजून दोन दिवस उपाशी ठेवू का याला? मग होईल लाल."

रकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनेच लेकराला वाळवावं, असं यंत्र बनवलं होतं शहाण्यांनी!

तिने पट्टा खसकन काढला आणि दारातल्या करडाच्या काडीसारख्या पायात अडकवला. पट्ट्याला ऊब लागली, नाडी लागली, आणि तो लालभडक झाला. ड्रोन गर्रकन वळून अंगणात उतरलं.

"बाळाची प्रकृती गंभीर आहे," ड्रोनमधून गोड आवाज आला. "आमचं बाळावर पूर्ण लक्ष आहे."

करडू बें बें करत राहिलं.

रकियाने पाकीट दाताने फाडून नफीऊच्या तोंडाला लावलं. "डेलू," ती म्हणाली, "सगळ्या आयांना बोलावून आण. गावात करडं पुष्कळ आहेत."