कपाळावरच्या आठ्या

साठीला टेकलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. कपाळावरच्या आठ्या घालवायच्या, मग सून हसली तरी बेहत्तर.

"पील, लेझर की इंजेक्शन?" त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"इंजेक्शन. घोळ नको."

डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला. "आता आठ्या घाला बघू. खुणा करून घेते."

बाईंनी आठ्या घातल्या. आरशातलं कपाळ मात्र गुळगुळीतच राहिलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, तर आठ्या हाताला लागत होत्या. पेन्सिलीच्या खुणाही आरशात उमटल्या नाहीत.

पण ठरवलेलं मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"टोचा," त्या म्हणाल्या.

आरशातले ओठही हलले, जरा उशिरा; बाईंचे तोवर मिटले होते.

सुई कपाळाशी आणून डॉक्टरबाई थबकल्या. "आत्ता तर टोचा म्हणालात. मग लगेच नको का म्हणता?"