अर्धी दाढी

उजवा गाल.

"कमळाले पोरगी झाली, भाऊ," साबणाच्या फेसातून तो तरुण म्हणाला. "बारसं थांबवून ठेवलं आहे. तुमालेच बोलावते."

मुखरूचा वस्तरा थांबला. लेक घुग्घुसच्या कुण्या खाणकामगाराबरोबर निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या माणसाचं तोंडही मुखरूने पाहिलं नव्हतं. भात मात्र सवयीने अजून दोघांचाच शिजायचा.

असे खोटे निरोप याआधीही दोनदा आले होते. दोन्ही वेळा तो चांद्यापर्यंत जाऊन हात हलवत परतला. सिंदेवाहीच्या मोटारस्टँडवर लोक अजून त्यावरून हसत.

"तू कोण तिचा?"

"खाणीत कामाले आहो, तिकडंच. आताच्या मोटारीनं चाला ना संगं." तो हसला.

मुखरूने आरशात पाहिलं. तीस वर्षं माणसांचे गाल त्याच्या बोटांखाली होते. मनातलं हसू दोन्ही गालांवर सारखं चढतं. ओढून आणलेलं एकाच बाजूला जातं.

उजवाच गाल वर गेला होता.

डावा गाल.

"फुगव."

फुगवला नाही. मुखरूने अंगठ्याने कातडी ताणली. फेस डोळ्यापर्यंत गेला तरी डावा डोळा मिटेना. मजा बघत असल्यासारखा टक लावून होता.

"कोणी धाडलं तुले?"

"कमळानं. तिची शप्पथ." पुन्हा तेच हसू.

"ऊठ."

"भाऊ, ऐकून तं घ्या…"

"ऊठ म्हणतो ना! मले येडा समजून राह्यला का?"

तीस वर्षांत मुखरूने पहिल्यांदाच अर्धी दाढी सोडली.

तुरटी.

ती ओल्या फडक्यावर तशीच पडून होती. त्या तरुणाला घेऊन धूळ उडवत मोटार गेली. चहावाला वहाब समोरून आला.

"मुखरूभाऊ, त्याले अर्धाच काऊन सोडला?"

"लबाड होता."

"लबाड? माह्याकडं चहा पेला बिचारा. डाव्या बाजूनं सारा सांडून राह्यला होता. खाणीत दगड पडला म्हणे डोक्यावर, तवापासून तिकडचं तोंडच मेलं."

मुखरूने तुरटी उचलली.

"जावई आहो, हे सांगाची हिंमत झाली नाई म्हणे. तरी फेसाच्या गालावरून हात फिरवत हासून राह्यला होता. म्हणे, पहिल्यांदाच सासऱ्याचा हात लागला."