बापाचा अंगठा

मोटारसायकलवरून उतरलेला माणूस साध्या कपड्यांत होता, पण पायांत पोलिसाचे तांबडे बूट होते. "चंदन इथीच राह्यते का?" "नाई साहेब. या नावाचा इथी कोनीच नाई," पत्रू म्हणाला. चंदन त्याचाच पोरगा होता. शेजाऱ्यांनीही माना हलवल्या. पोलीस ज्याचं नाव घेऊन येतो त्याला गाव ओळखत नाही, ही इथली रीतच. पोलिसाची नजर कुडाच्या भिंतीवरच्या ट्रम्पेटवर गेली. "मग हा बाजा कोनाचा?" "माझा." "वाजवून दाखवा बरं." आरमोरीच्या लग्नाच्या बँडमध्ये चंदन तो कसा धरायचा, ते आठवून पत्रूनं गाल फुगवले. नुसती हवा निघाली. पुन्हा जोर लावून फुंकलं, तर भुकेल्या रेडकासारखा आवाज आला, आणि तो ऐकून मोहफुलं वेचणारा चंदन टोपली टाकून पळत आला. त्यानं ट्रम्पेट बापाच्या हातातून घेतलं आणि सदऱ्यानं पुसलं. पोलीस हसला. त्यानं खिशातून कागद काढला. "फौजेच्या बँडमंदी निवड झाली याची. गावात चौकशी करून हा कागद पाठवाचा आहे. इथी बापाचा अंगठा पाह्यजे." "लाव ना बाबा," चंदन म्हणाला, "त्याच्याबिगर मले घेनार नाई." फौजेचं पत्र पोस्टानं येईल, असं पोरानं सांगितलं होतं; पोलीस येईल, असं नाही. पत्रूनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मोटारसायकलच्या मागच्या रिकाम्या सीटकडे. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी याचा बाप नाई, साहेब."