अर्धा कोयता

लेक सुकन्या फौजदार झाली, पण परक्या माणसापुढं आईसाठी तिचं तोंड उघडत नाही, ही रतनबाईची जुनीच तक्रार. आजही शिरूर कासारला तिच्याच अंगणात सिनेमावाला सुकन्येवरच्या सिनेमाची गोष्ट सांगत होता आणि लेक गप्प ऐकत होती. गोष्टीत ऊस तोडून पोरीला शिकवणारा बाप होता. खरा बाप सुकन्या रांगत असतानाच वारला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. रतनबाई तेव्हापासून सोळा हंगाम अर्धा कोयता म्हणून राबली. “अन् ह्यात मी कुठं हाय?” तिनं विचारलं. “पब्लिक बापासाठीच रडतं, मावशी. तुमचा जुना कोयता मात्र द्या, बापाच्या हातात शोभेल.” सुकन्येनं मुकाट मान डोलावली. रतनबाईनं कुडातला कोयता काढून लेकीच्याच मांडीवर ठेवला. “फौजदारसाहेब, मुकादम मला अर्ध्या कोयत्यात तरी धरायचा. तू तर कशातच धरलं न्हाईस.”