आत पडणाऱ्या सावल्या

सर्वेक्षक युसुफच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं.

"काका, दोह्याच्या उत्तरेला वर्ल्ड कपसाठीचा रस्ता दगडांच्या प्राचीन वर्तुळावरून जातोय. तिथं सगळ्या सावल्या मध्याकडेच पडतात. दुसऱ्या साक्षीदाराशिवाय साहेब ऐकत नाहीत. पाहून लिहाल?"

लोक हसतील म्हणून टाळत होतो. आज सुनेला घेऊन गेलो.

"दगडच तर आहेत, बाबा," म्हणत गार्गी दोन दगडांमध्ये उभी राहिली. दगडांसारखी तिचीही सावली आत वळली. ती झटकन बाहेर आली.

गाडीतच लिहिलं, 'मी पाहिलं. एकही दगड हलवू नका.'

दोह्यात पोस्टापाशी उतरलो. चार वाजले होते. सगळ्यांच्या सावल्या पूर्वेला पडल्या होत्या, गार्गीची उत्तरेला, वर्तुळाकडे.

मी पत्र पेटीत टाकलं.