कॅप तयार आहे

"कॅप तयार आहे, मॅडमना चार वाजता पाठवा," असा दाताच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने "बरं" निघून गेलं. चारला तो एकटाच जाऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा दिवा लावला. "वहिनींचं रूट कॅनाल झालंय, आता दुखायचं नाही. कुठायत त्या?" "ती गेली. दहा दिवस झाले," शेजाऱ्याची बातमी सांगावी तसं त्याने सांगितलं. बाईंनी दिवा विझवला. त्यांनी कॅपची डबी त्याच्या हातात ठेवली. आत तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा होता, दाढेवर नवीकोरी कॅप चढवलेली. आणि समोरच्या दोन दातांमधली ती फट. त्या फटीपायी ती जन्मभर तोंडावर हात धरून हसली, त्याच्यासमोरसुद्धा. तो साचा उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिला. आज पहिल्यांदाच तिचा हात मध्ये आला नव्हता.