ओळखीची घरघर

विद्याधरांनी बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरू लागला, प्लास्टिकच्या पिशवीतली हवा ओढली गेली आणि मॉडेल ग्लायडरचा, चिकट रेझिननं ओला असलेला पंख साच्यात घट्ट बसला. विकतच्या महागड्या पंपाशिवाय काम झालं होतं.

चहा घेऊन आलेली त्यांची बायको, कुमुद, दारातच थबकली.

"अहो, हा आपल्या फ्रिजचाच आवाज ना? कॉम्प्रेसर जळाला म्हणाला होतात."

विद्याधर पिशवीच्या कडा दाबत राहिले. दोन महिन्यांपूर्वी तिनं फ्रिजमधला बर्फ सुरीनं खरवडला होता. दुसऱ्याच दिवशी फ्रिज कायमचा गेल्याचं सांगून त्यांनी धडधाकट कॉम्प्रेसर काढून घेतला. तेव्हापासून दिवसातून तीनदा दूध तापवताना ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्याच वेंधळेपणानं गेला हो." ते शेजारी बसून ऐकायचे.

"म्हणजे माझ्या सुरीनं काही झालं नव्हतं तर," ती सुटका झाल्यासारखी म्हणाली.

त्यांचा हात बटणाकडे गेला.

"बंद नका करू. पंख वाया जाईल तुमचा."

कप ठेवून ती आत गेली आणि तिनं दूध तापत ठेवलं. रेझिन वाळायला अजून सहा तास होते. तोवर ती घरघर थांबवता येणार नव्हती.